जादा दिव्यांचा स्विच: भार, वायर आणि जोड

गाडीला वरून बसवलेल्या जादा दिव्यांच्या वायरिंगमध्ये दोन सर्किटे असतात. एक दिव्यांपर्यंत वीज पोचवते, दुसरे त्या विजेला चालू-बंदचा हुकूम देते. डॅशबोर्डवरच्या स्विचची जागा दुसऱ्या सर्किटात आहे. तो पहिल्या सर्किटात घातला, म्हणजे दिव्यांचा सगळा भार त्याच्यातून नेला, की दिवे मंद लागतात, स्विच तापतो आणि एखाद्या पावसाळ्यात गाडी धुरासह गॅरेजमध्ये परत येते. फॉग लॅम्प, ड्रायव्हिंग लॅम्प आणि एलईडी बार बसवण्याचे काम आज गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आहे. त्यात चांगल्या दिव्यांवर सैल हाताने खर्च होतो आणि कंजुषी होते ती वायर, कपलर आणि थिंबल यांच्यात. या मासिकाच्या मते हा क्रम उलटा हवा. दिवा बदलता येतो. बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे दडलेला कच्चा जोड मात्र बिघाड होईपर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही.

भार किती असतो ते आधी पाहावे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९.२ अँपिअर घेतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.४ व्होल्ट असतात, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह त्याहून थोडा जास्त भरतो. शिवाय थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. दिवा लावण्याच्या क्षणी प्रवाहाची उसळी येते ती यामुळे. ही उसळी क्षणभराची असली तरी लहान स्विचच्या संपर्कबिंदूंवर दर वेळी बारीक ठिणगी उडते, तिथला धातू खरवडला जातो, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. घरगुती बटणावर ‘६ अँपिअर, २४० व्होल्ट’ असे छापलेले पाहून ते गाडीत वापरणारे अजूनही भेटतात. तो आकडा एसी विजेचा आहे. एसी प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून संपर्क सुटताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये तशी उसंत नसते. २४ व्होल्टच्या ट्रकवर हा फरक अधिकच जाणवतो.

दिवे मंद का लागतात, याचे उत्तर वायरच्या लांबीत आहे. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम असतो. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणि तिथून पुढच्या बंपरपर्यंत मिळून ५ मीटर वायर लागली आणि ती ०.७५ चौरस मिलिमीटरची असली, तर नुसत्या वायरचा रोध ०.११७ ओहम होतो. ९ अँपिअरला तिथे एक व्होल्टहून थोडे अधिक खर्ची पडते. स्विच, फ्यूज होल्डर आणि कपलर यांचे मिळून आणखी तीन-चार दशांश व्होल्ट जातात. बॅटरीवर १३.५ असले तरी दिव्याच्या वाट्याला जेमतेम १२ येतात. फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणून व्होल्टेज अकरा टक्के घटले की जवळपास एक तृतीयांश प्रकाश नाहीसा होतो. गिऱ्हाईक म्हणते की दिवे हलके निघाले, आणि मग १०० वॅटचे बल्ब बसवले जातात. त्याच वायरीतून आता जवळपास दुप्पट प्रवाह वाहतो. वितळलेल्या वायरिंगच्या कहाण्या बहुधा इथूनच सुरू होतात.

एलईडीमुळे ही चिंता संपली, हा समज अर्धाच खरा आहे. २० वॅटच्या दोन एलईडी दिव्यांना साडेतीन अँपिअरपेक्षा कमी पुरतात हे बरोबर. पण चांगल्या एलईडी दिव्यातला ड्रायव्हर ठरावीक वॅट घेतो. व्होल्टेज घटले की तो तेवढाच जास्त प्रवाह ओढतो. त्यामुळे खराब जोडाचा परिणाम मंद प्रकाशात दिसून येत नाही, तो जोडाच्या तापण्यात लपून राहतो. दिवा लुकलुकू लागेपर्यंत कपलर करपलेला असतो.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: रिले. रिलेच्या कॉइलला सुमारे ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात, म्हणजे स्विचपर्यंत ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर पुरते आणि स्विच वर्षानुवर्षे थंड राहतो. जाड वायर फक्त बॅटरी, रिले आणि दिवा यांच्यामध्ये धावते. रिले बॅटरीजवळ बसवला तर ही लांबी दोन मीटरवर येते, आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ९ अँपिअरला ०.१३ व्होल्टच जातात.

रिलेच्या पायांवरचे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आहेत आणि जगभर तेच चालतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा कायमचा प्लस, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी वाट, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. गोंधळ होतो तो पाच पायांच्या रिलेत. काहींत मधला पाय ८७ए असतो, काहींत दुसरा ८७. ८७ए हा रिले झोपलेला असताना ३० शी जोडलेला असतो. दिव्याची वायर चुकून त्यावर गेली तर स्विच बंद असताना दिवे लागतात आणि रात्रीत बॅटरी बसते. दुसरा सापळा असा, की सारख्याच दिसणाऱ्या काही रिलेंमध्ये ३० आणि ८६ यांच्या जागांची अदलाबदल केलेली असते. जुना रिले काढून नवा घालताना पायांची जागा न पाहता अंगावरची आकृती वाचावी. कॉइलवर आडवा डायोड असलेल्या रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनसच द्यावा लागतो. उलट दिल्यास डायोडमधून थेट शॉर्ट होतो. असा डायोड किंवा रोधक असलेला रिले नव्या गाड्यांत आवर्जून वापरावा. कॉइल सुटताना तिच्यात शंभर व्होल्टच्याही वर जाणारा उलटा झटका तयार होतो आणि तो शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसवत नाही.

स्विचच्या मागे साधारण तीन किंवा पाच पिना असतात. तीन पिनांच्या दिव्याच्या स्विचमध्ये एक पुरवठ्याची, एक भाराची आणि एक अर्थची. ही अर्थ फक्त स्विचमधल्या छोट्या दिव्यासाठी आहे. भाराची आणि अर्थची वायर आपसांत बदलली गेली तर स्विच दाबताक्षणी प्लस थेट बॉडीला मिळतो आणि फ्यूज उडतो. नवा स्विच बसवल्यावर पहिल्याच दाबाला फ्यूज गेला, तर दिव्यांवर संशय घेण्याआधी या दोन पिना पाहाव्यात. पिनांची ओळख रंगावरून धरू नये. पितळी रंगाची पिन अर्थची असते हा नियम पुष्कळ स्विचना लागू पडतो, सगळ्यांना नाही. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून दोन मिनिटांत खात्री होते. पाच पिनांच्या रॉकर स्विचमध्ये रात्री चिन्ह उजळणारा दिवा वेगळा असतो. त्याचा प्लस पार्किंगच्या वायरवरून घेतला की डॅशबोर्डबरोबर तोही उजळतो. मात्र ज्या गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड मायनसच्या बाजूने कमी-जास्त केला जातो, तिथे या दिव्याचा मायनस बॉडीला न देता त्या डिमरच्या वायरला द्यावा लागतो.

स्विचला प्लस कुठून घ्यायचा, हा प्रश्न विजेचा कमी आणि रस्त्याचा जास्त आहे. ड्रायव्हिंग लॅम्प दूरवर झोत टाकतात. त्यांचा हुकूम हाय बीमच्या वायरवरून स्विचमार्गे रिलेला गेला पाहिजे, म्हणजे समोरून गाडी आली आणि चालकाने डिपर मारला की जादा दिवेही त्याच क्षणी विझतात. ते स्वतंत्र स्विचवर ठेवले तर चालक ते बंद करायला विसरतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढे काही सेकंद काळोख उरतो. फॉग लॅम्पची गोष्ट वेगळी. आंबोली, ताम्हिणी किंवा माळशेज घाटात पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा हाय बीम उलटा डोळ्यांवर येतो. तिथे खाली बसवलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत हवा. म्हणून फॉग लॅम्पचा हुकूम पार्किंगच्या वायरवरून घ्यावा आणि तो हेडलाइटवर अवलंबून नसावा. दोन्ही प्रकारचे दिवे एकाच स्विचवर आणणे ही वायरीची बचत आहे, पण त्यात दोन्ही दिव्यांचा उपयोग मारला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावण्यावर बंधन घालतो, आणि चारचाकींवर दिवे कुठे व कसे बसवायचे ते एआयएस-००८ या मानकात सांगितले आहे. काम अंगावर घेण्याआधी गिऱ्हाइकाला हे सांगणे इलेक्ट्रिशियनचे कर्तव्यच आहे.

हाय बीमची वायर शोधताना एक पारख लागते. टोयोटाच्या लँड क्रूझरसारख्या कित्येक जपानी गाड्यांत हेडलाइट मायनसच्या बाजूने चालू-बंद होतो. बल्बला प्लस आधीच मिळालेला असतो. डिपर-हाय बदलताना मायनसची वाट बदलते. अशा गाडीत नेहमीची जोडणी केली तर दिवे उलटे वागतात किंवा लागतच नाहीत. तिथे कॉइलचे एक टोक बल्बच्या सामाईक प्लसला आणि दुसरे, स्विचमधून, हाय बीमच्या पिनेला द्यावे. नव्या गाड्यांचा पेच निराळा. त्यांत हेडलाइटला वीज बॉडी कंट्रोल मॉड्यूल देते, काहींत ती तुटक-तुटक ठोक्यांनी दिली जाते. तिथे साधा रिले खडखडतो किंवा डॅशबोर्डवर बल्ब बिघडल्याचा इशारा येतो. अशा वेळी तुटक ठोके सरळ करून देणारे तयार मॉड्यूल वापरावे आणि मूळ हार्नेसला कात्री लावू नये. दुचाकीवर एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे जनरेटरकडे शिल्लक किती उरते याचा हिशेब दिवे विकण्याआधी व्हायला हवा. त्याआधीच्या कित्येक दुचाकींत हेडलाइटच्या वायरीत एसी वीज असते आणि तिच्यावरून डीसी रिले चालत नाही.

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नव्हे. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. फ्यूज रिलेच्या पलीकडे बसवला तर बॅटरी ते रिले हा तुकडा उघडाच राहतो, आणि इंजिनाच्या कडेला घासून बॉडीला टेकण्याची शक्यता त्याच तुकड्याची सर्वांत जास्त. दहा अँपिअरच्या आसपासच्या भाराला १५ अँपिअरचा निळा ब्लेड फ्यूज योग्य. तो उडाला म्हणून २० चा पिवळा किंवा ३० चा हिरवा घालणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे. स्विचच्या बारीक वायरीला स्वतंत्र ३ अँपिअरचा फ्यूज असावा. ही सूचना बहुतेक तयार किटमध्ये पाळलेली नसते.

वायर निवडताना मोटारगाडीसाठी बनवलेलीच घ्यावी. मोटार वाहनांच्या केबलसाठी आयएस २४६५ हे भारतीय मानक आहे. घरगुती वायरिंगच्या वायरीसाठी आयएस ६९४. घरच्या वायरीचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे असते. रेडिएटरमागे आणि एक्झॉस्टच्या बाजूला ते कडक होऊन तडकते. मोटारगाडीच्या चांगल्या वायरी १०० अंशांच्या पुढे टिकतात आणि त्यांच्या आतल्या तारा जास्त बारीक असल्यामुळे इंजिनाच्या थरथरीत तुटत नाहीत. बाजारात आणखी एक फसवणूक फिरते: वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच, आणि ओल लागली की ते लवकर खाल्ले जाते. ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ते बंडल परत करावे.

आता जोडांविषयी, कारण बिघाड बहुतेक वेळा इथेच निघतो. एखाद्या थिंबलमध्ये ०.१ ओहम रोध राहिला आणि त्यातून ९ अँपिअर गेले, तर त्या बोटभर जागेत ८ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग इस्त्रीचे टोक तापवायला याच्या तिप्पट पुरतात. प्लास्टिकचा कपलर तपकिरी का पडतो, ते यावरून समजावे.

तारा सोलून पीळ द्यायचा आणि वर टेप गुंडाळायचा, हा जोड सगळीकडे दिसतो आणि तो कामचलाऊसुद्धा नाही. उन्हाने टेपचा गोंद वितळतो, पावसाने आत ओल शिरते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि तो तारेच्या आतून हातभर पुढे सरकतो. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे एका मोसमात घडते. वायर न सोलता दाबून बसवायच्या निळ्या-तांबड्या टॅप क्लिपा त्याहून बऱ्या वाटतात, पण त्यांचे पाते वायरीच्या काही तारा कापते आणि उरलेल्या तारांवर जेमतेम टेकते. डॅशबोर्डच्या आत, कोरड्या जागी, स्विचमधल्या दिव्यासारख्या क्षुल्लक भाराला त्या खपतील. बॉनेटखाली त्यांना जागा नाही. टेस्ट लॅम्पची सुई आवरणात खुपसून तपासण्याची सवयही याच कारणाने सोडावी. ते छिद्र पाण्याला वाट करून देते.

टिकाऊ जोड क्रिंपचा. गाडी बनवणारे कारखाने हार्नेसमध्ये सोल्डर जवळपास वापरत नाहीत. सोल्डर तारांमधून वर चढते, तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो आणि थरथर झाली की तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. क्रिंपमध्ये धातू तारांवर इतका दाबला जातो की मध्ये हवेलाही जागा उरत नाही. पण त्यासाठी थिंबल वायरीच्या मापाची हवी: प्लास्टिकच्या लाल गळ्याची ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरला, निळ्याची १.५ ते २.५ ला, पिवळ्याची ४ ते ६ ला. मोठ्या थिंबलमध्ये वायर दुमडून घालणे हा सर्रास चालणारा गैरप्रकार आहे. उघड्या पंखांच्या पिनांना, म्हणजे रिले सॉकेटमधल्या ६.३ मिलिमीटरच्या पिनांना, पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांबे धरते, मागची आवरण. मागची नीट दाबली नाही तर सगळा ताण तांब्यावर येतो. साध्या पकडीने हे काम होत नाही; पुरता दाब बसल्याशिवाय न सुटणारे रॅचेटचे क्रिंपिंग प्लायर एकदाच घ्यावे लागते. दाबल्यावर वायर हाताने जोर लावून ओढावी. निसटली तर ती बाकावरच निसटू दे.

दिव्याजवळचा कपलर पाणबंद असावा. सुपरसील १.५ मालिकेचे कपलर भारतीय दुचाकी आणि चारचाकींत सर्वत्र आहेत आणि सुमारे १४ अँपिअर पेलतात. डॉइशच्या डीटी मालिकेतली पिन १३ अँपिअरची. डीटी महाग पडतो. पण त्याची घट्ट पाचर आणि मागचा रबरी पडदा चिखलातही साथ देतात, म्हणून ट्रक, ट्रॅक्टर आणि खाणीतल्या गाड्यांना तोच योग्य. पाणबंद कपलरही दोन चुकांनी गळतो: रबरी सील वायरीच्या मापाचे नसणे, आणि रिकाम्या घराला बुच न लावणे. शिवाय टिनच्या मुलाम्याची पिन टिनच्याच पिनेत बसवावी. वेगळे मुलामे एकत्र आले की थरथरीने दोन्ही घासतात आणि मध्ये काळी पूड जमते. एच४ बल्बचा होल्डर जादा वॅटच्या बल्बला सिरॅमिकचाच लागतो. साध्या प्लास्टिकचा होल्डर तेवढी उष्णता सोसत नाही.

अर्थचा जोड सर्वांत दुर्लक्षित राहतो. रंगावर स्क्रू आवळला की अर्थ मिळाली असे मानले जाते, पण रंग वीज नेत नाही. तिथला रंग खरवडून, दातेरी वॉशरसह गोल थिंबल आवळावी आणि वरून व्हॅसलिनचा थर द्यावा. अर्थची वायर प्लसइतकीच जाड हवी. ज्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे जादा दिव्यांची अर्थ थेट त्या टर्मिनलला देऊ नये. ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बिंदूवर द्यावी. नाहीतर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो.

फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रॉमेट हवे. धारदार पत्र्यावर घासलेली वायर पुढे शॉर्ट होणारच. इंजिनाच्या बाजूला वायरी नालीदार नळीत घालाव्यात आणि कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. रिलेचे तोंड खालीच. इंजिनाच्या हलत्या भागाला वायर बांधू नये.

गाडी हातावेगळी करण्याआधी मल्टिमीटर एकदा लावावा. दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे दिव्याच्या प्लस पिनेला लावले की वाटेतली घट थेट वाचता येते. ती ०.४ व्होल्टच्या आत आली तर काम चांगले. तसेच दिव्याचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात ०.१ ते ०.२ च्या पुढे जाऊ नये. आकडा मोठा आला तर टोक एकेका जोडावर सरकवत जावे. सगळ्यात जास्त घट दाखवणारा जोड उघडून पुन्हा करावा. दहा मिनिटे दिवे चालू ठेवून प्रत्येक कपलर, फ्यूज होल्डर आणि रिलेच्या पिनांजवळची वायर बोटांनी चाचपावी. रिलेचे अंग कॉइलमुळे थोडे कोमट लागते, ते चालते. पण कपलर किंवा वायरीचे टोक हाताला गरम लागले तर तिथला जोड कच्चा आहे. शेवटी फ्यूजचे मान, वायरींचे रंग आणि रिलेच्या पायांची जोडणी एका कागदावर लिहून तो मालकाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा, म्हणजे पुढच्या इलेक्ट्रिशियनला शोधण्यासाठी मूळ हार्नेस कापावा लागत नाही.